तीन गड, बारा तास

डिसेंबरात मी सिंहगड, राजगड आणि तोरणा असे तीन गड एका दिवसात करून आले, असं बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर आला?" दुसरा येतो, "बक्षीस काय मिळालं?" नंबर बराच मागचा होता आणि बक्षीस म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना मिळतं ते पदक. हे ऐकून माणसं जरा हिरमुसतात. मग तिसरा प्रश्न येतो, "मग गेलीस कशाला एवढ्या लांब?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

ही शर्यत माझ्यासाठी तालीम होती. खरा प्रयोग जूनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये 'कॉम्रेड्स' नावाची शर्यत होते, अंतर सुमारे ९० किलोमीटर. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, त्याहून लांबच्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात, आणि अल्ट्रा धावणाऱ्यांच्या मनात कॉम्रेड्सचं स्थान वारकऱ्याच्या मनातल्या पंढरपुरासारखं आहे. विक क्लॅफम हे रेल्वेत इंजिन चालवणारे गृहस्थ. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९२१ साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावायला उभे राहिले, १६ जण शेवटपर्यंत पोचले. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंना नोंदणी नाकारली गेली, तरी त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. बायकांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ साल उजाडावं लागलं. आज भारतातूनही दरवर्षी शेकडो लोक तिथे जातात.

आम्हा बेळगावकरांना पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव तसं परकं नाही. १८९३ साली गांधीजींना ज्या स्टेशनवर गाडीतून उतरवलं गेलं, ते हेच. आणि पुढे काँग्रेसच्या ज्या एकाच अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, ते १९२४ सालचं, आपल्या बेळगावचं. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपासून त्या स्टेशनच्या गावापर्यंत आपल्या पायांनी काहीतरी जोडावं, असं गेली तीन-चार वर्षं मनात होतं.

कॉम्रेड्सचा एक नियम फार कडक आहे. सुरुवातीची बंदूक वाजल्यापासून १२ तास. बारा तास होताच एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि शेवटची बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक नाही. माझ्या वेगाने मला बारा तासांतलं जवळजवळ प्रत्येक मिनिट लागणार आहे. म्हणजे मला तयारी करायची ती ९० किलोमीटरपेक्षाही बारा तासांची.

आता बारा तासांची तालीम करायची कुठे? सपाट डांबरी रस्त्यावर तेवढा वेळ धावायचं तर शर्यतीइतकंच अंतर तालमीतच संपेल, आणि अंग सावरायला महिना जाईल. डोंगरात हा हिशोब बदलतो. चढ चालतच चढायचा असतो, त्यामुळे सांध्यांना आपट कमी बसते. अंतर थोडं होतं, पण तास भरपूर मिळतात. पन्नासेक किलोमीटरला रस्त्यावर मला सात तास पुरतात, सह्याद्रीत अकरा लागतात. हे वरचे चार तास मिळवायला मी तीन गडांवर गेले होते.

दुसरं कारण उताराचं. चढताना दम लागतो, पण पाय खरे मोडतात ते उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याचे धागे सूक्ष्म फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू भरून आला, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला बराच कमी जाचतो. कॉम्रेड्सचा रस्ता एक वर्ष समुद्राकडून वर चढणारा, तर एखाद्या वर्षी खाली उतरणारा असतो. पण चढत्या वर्षीही उतार सुटत नाहीत. तेव्हा मांड्यांना उताराची ओळख करून देणं भागच होतं.

आणि इथेच माझी अडचण होती. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा सुजला होता. कूर्चा थोडी झिजली आहे, असं निदान झालं. डॉक्टरांनी धावणं बंद केलं नाही. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करायला सांगितलं आणि उतारावर हळूहळू सवय वाढवा म्हणाले. वर्षभर ते व्यायाम मी पोथी वाचावी तसे नेमाने केले. पण आफ्रिकेला जायचं म्हणजे विमान, व्हिसा, राहणं असा मोठा खर्च, आणि आमच्या घरात त्याच पैशांवर दुसरा हक्क होता तो गळक्या गच्चीचा. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना गच्चीचा मुद्दा समजावून सांगायला नको. शेवटी घरात ठरलं, की तोरण्यावरून गुडघा न सुजता खाली आले तर विमानाचं तिकीट. सुजला तर डर्बन रद्द, आणि उन्हाळ्यात गच्चीचं काम.

तयारी इथलीच. रोजचं धावणं कॅम्पातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर. रविवारी राजहंसगड, म्हणजे आपला येळ्ळूरगड; बासमतीच्या वासाच्या शिवारातून जायचं, गडावर सिद्धेश्वराला नमस्कार करायचा, उतरायचं, पुन्हा चढायचं. महिन्यातून एकदा देवरवाडीहून वैजनाथाच्या देवळावरून महिपाळगड. बेळगावातून निघालं की तासाभरात राज्य बदलतं, चंदगड तालुका लागतो, पण पायाखालची तांबडी माती तीच, आणि भेटणारा माणूस तोच प्रश्न विचारतो, "का पळायल्यासा?"

डिसेंबरात रात्रीच्या बसने पुणे गाठलं. एक दिवस विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता सिंहगडाच्या पायथ्याशी, डोक्याला दिवा बांधून, शेकडो माणसांच्या घोळक्यात उभी होते. थंडी बोचरी. पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, शिट्टी, पातळ जाकीट. या लाडवांचीही तालीमच होती. बारा तास धावायचं तर पायांइतकंच पोटाला शिकवावं लागतं. दर अर्ध्या तासाला थोडं खायचं, भूक लागो न लागो. आणि नुसतं पाणी पीत सुटायचं नाही, कारण मीठ न घेता पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते फार धोक्याचं असतं.

सिंहगडाची पायवाट पुणेकरांच्या रोजच्या पायाखालची. पावणेतीन किलोमीटरच्या आत सुमारे सहाशे मीटर चढ. तरुण मुलं पहिल्या वळणापासूनच धावत सुटली. "काकू, जरा साइड!" म्हणत एकेक जण पुढे जात होता. मी वाट देत होते आणि गुडघ्यांवर हात टेकून चालत होते. खालून वर पाहिलं तर अंधारात दिव्यांची एक माळ डोंगराला वेढे घालत चाललेली. दिवटी घेऊन गोंधळी निघावेत तशी.

पुणे दरवाजातून आत शिरताना अजून अंधारच होता. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे याच गडावर पडले, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण तो कडा आणि ती थंडी अंधारात अंगावर आल्याशिवाय त्या रात्रीचा अंदाज येत नाही. गड आडवा ओलांडून कल्याण दरवाजाला आले आणि उजाडू लागलं. समोर दरीत धुकं, आणि धुक्यापलीकडे राजगड आणि तोरणा. आज दिवसभर कुठे जायचं आहे ते एका नजरेत दिसत होतं. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "बापरे, तिथपर्यंत?" मला मात्र बरं वाटलं. राजहंसगडाच्या चार फेऱ्या मारताना असं समोर काही दिसत नाही.

कल्याण दरवाजाखालचा उतार ही दिवसाची पहिली परीक्षा. उतारावर लांब ढांगा टाकल्या की प्रत्येक पावलाला टाच आपटते आणि तो धक्का गुडघ्यात जातो. म्हणून पावलं आखूड, भराभर, गुडघा किंचित वाकलेला, नजर पायाजवळ न ठेवता दोन-तीन पावलं पुढे. सुकलेल्या गवतावरून आणि बारीक दगडांच्या घसाऱ्यावरून असं उतरताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. गुडघ्याचं तर नाहीच, आणि त्यातच गुडघ्याचं भलं असतं.

मग राजगडाकडे जाणारं खोरं. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, कडेला पेंढ्यांच्या उडव्या. गावागावांतून शाळकरी पोरं टाळ्या देत होती. इथे सपाटी असल्याने पळता येत होतं, पण इथेच हात आखडता घ्यायचा होता. शर्यत म्हणून धावले असते तर या टप्प्यात पंधरा-वीस माणसं सहज मागे टाकता आली असती. तालीम म्हणून धावताना मात्र नियम एकच होता, धावताधावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता आलं नाही की वेग कमी करायचा. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आजींशी ते वाक्य बोलण्याची संधी मिळाली.

"कुठनं आलाय बाई?"

"बेळगावहून, आजी."

"तिकडं डोंगर न्हाईत व्हय?"

"आहेत की. पण एवढे उंच नाहीत."

"मग बरंय," म्हणाल्या, आणि तांब्याभर पाणी पुढे केलं.

गुंजवण्यात साडेनऊच्या सुमारास पोचले. इथून राजगडाची चढण. झाडीतून सुरू होणारी वाट शेवटी उभ्या कातळावर येते. तिथे पायऱ्या आणि रेलिंग आहेत, आणि ते धरत चोर दरवाजातून वाकून आत शिरलं की एकदम पद्मावती तलाव. इतक्या अरुंद भोकातून इतक्या मोठ्या जगात आपण येतो, हे दर वेळी नवंच वाटतं.

राजगड ही स्वराज्याची राजधानी, रायगडाआधीची, जवळजवळ पाव शतकाची. १६६६ साली आग्र्याहून निसटून महाराज परतले ते इथेच. सईबाईंची समाधी पद्मावती माचीवर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी वास्तूंमधले जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत राजगड आहे. शर्यतीत अशा जागी थांबणारे थोडेच. मी मात्र समाधीपाशी चपला काढतात तसे बूट काढले. त्या दोन मिनिटांत बुटातले खडेही झाडून झाले. माचीवर गावची माणसं ताक विकत होती. दोन ग्लास ताक, चिमूटभर मीठ. दिवसभरात पोटात गेलेली सगळ्यात उत्तम गोष्ट तीच.

संजीवनी माचीवरून जाताना घाई करवत नाही. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, डोंगराच्या सोंडेवर साखळीसारखी बांधत नेलेली. तटाला बाहेरून दुसरा तट, बुरुजाला बाहेरून दुसरा बुरूज, मधे माणूस जेमतेम मावेल एवढी वाट. चिलखती बांधणी म्हणतात ती हीच. एक भिंत पडली तर शत्रू आत येतो आणि दुसऱ्या भिंतीसमोर अडकतो. लांब शर्यतीत बळ कसं राखावं हे मला कुणी विचारलं तर मी ही माची दाखवीन. सगळं बळ पहिल्याच भिंतीवर घालायचं नाही.

आळू दरवाजातून बाहेर पडलं की राजगड आणि तोरणा यांना जोडणारी डोंगरधार सुरू होते. गिरिप्रेमी मंडळी ही वाट मुक्काम ठेवून निवांत चालतात. आम्ही ती भर दुपारी करत होतो. एका बाजूला वेल्ह्याचं खोरं, दुसऱ्या बाजूला भाटघरच्या जलाशयाकडची दरी. कारवीचे सुकलेले दांडे, मधूनमधून झाडीचा पट्टा, नाहीतर उघडा रखरखाट. डिसेंबरचं ऊनही बारा वाजता डोक्यात जातं.

इथे सकाळी "साइड" मागणाऱ्यांपैकी एक मुलगा वाटेवर बसलेला दिसला. पोटरीत गोळे आले होते. त्याने सकाळपासून दोन केळी आणि भरपूर पाणी एवढंच घेतलं होतं. त्याला मीठ लावलेले दोन बटाटे दिले, पोटरी ताणून धरायला लावली. पाच-सात मिनिटांनी उठला. पुढचा तासभर आम्ही बरोबर चाललो. मी पुढे, तो मागे, माझ्या वेगाने. त्याचीही ही तालीमच होती, त्याला हिमालयातली एक लांब शर्यत करायची होती. "काकू, तुम्ही पूर्ण वेळ चालतच आलात का?" त्याने विचारलं. म्हटलं, "चढ सगळे चालले. उतार आणि सपाटी पळाले. तू सगळं पळालास, आणि आत्ता आपण दोघं एकाच दगडावर आहोत." तो हसला. पुढे तोरण्याच्या चढावर तो माझ्या बराच पुढे निघून गेला. वयाचं देणं असतंच.

धार उतरून खिंडीत आले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. इथे वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता धारेला छेद देतो. आयोजकांची पाण्याची सोय होती, आणि थांबू इच्छिणाऱ्यांना घेऊन जायला गाडी उभी होती. खरा निर्णय इथे होता, कारण तोरण्यावर चढल्यावर मागे फिरण्यात अर्थ नसतो. घरून निघतानाच ठरवलं होतं, की थकवा आला म्हणून थांबायचं नाही आणि गुडघा दुखतोय तरी रेटायचं नाही. दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी रीत मला व्यायाम शिकवणाऱ्यांनी दिली होती. गुडघ्याएवढ्या दगडावर चढायचं आणि दुखऱ्या पायावर भार ठेवत दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा. दहा वेळा. कळ आली, गुडघा आत वळला, किंवा हाताला तो गरम-टणक लागला, तर गाडीत बसायचं.

दगड शोधला. लोक बघत होते, बघू देत. एक, दोन, तीन... मांडी थरथरत होती, पण कळ नव्हती. हात लावून पाहिला, उजवा गुडघा डाव्याइतकाच गार. गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, "बसताय का ताई?" म्हटलं, "नाही, जाते."

तोरण्याची बुधला माची लांबून तेलाचा बुधला पालथा ठेवावा तशी दिसते. तिच्याकडे जाणारी चढण दिवसातली सगळ्यात कठीण. काही ठिकाणी हात टेकून कातळ चढावा लागतो. मागच्या आठ तासांत जे राखून ठेवलं होतं, ते इथे खर्च करायला मिळालं. वेगात वाटणारी माणसं आता दर वीस पावलांवर थांबत होती. मी थांबले नाही. संथ, पण न थांबता. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा प्रचंड गड. म्हणूनच त्याचं प्रचंडगड हे नाव. महाराजांनी सुरुवातीला घेतलेल्या किल्ल्यांतला हा. इथे सापडलेल्या धनातून राजगड बांधला, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट. मेंगाई देवीच्या देवळापाशी तीनच्या सुमारास पोचले. देवीला हात जोडले, एक लाडू खाल्ला, आणि बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या. बोटं पुढे आपटू नयेत म्हणून उतारापूर्वी हे करावंच.

बिनी दरवाजातून वेल्ह्याला उतरणारी वाट माझ्या गुडघ्याचा निकाल देणार होती. पायऱ्या, घसारा, पुन्हा पायऱ्या. दहा तास झालेल्या मांड्यांना ब्रेक लावायचं त्राण नसतं. तरी आखूड पावलं, भराभर पावलं, मनातल्या मनात ताल धरून. मधे एका ठिकाणी मागे वळून पाहिलं तर राजगडाचा बालेकिल्ला उन्हात उभा होता, आणि आपण सकाळी त्याच्याही पलीकडून निघालो हे पटेना.

चार वाजून वीस मिनिटांनी खाली पोचले. अकरा तास वीस मिनिटं. गळ्यात पदक पडलं. खाली ताटात पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. बेळगावहून नेलेला कुंदा उघडला, तो दोन मिनिटांत संपला. गोळे आलेला तो मुलगाही होता. त्याने दोन वेळा घेतला.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या बस स्टँडवर पायऱ्या उलट्या पावलांनी उतरले. तिसऱ्या दिवशी मांड्यांची स्थिती आणखी वाईट, खुर्चीत बसणं हीच कसरत. पण गुडघा सुजला नाही. घरच्यांनी स्वतः हात लावून खात्री केली. अडीच आठवड्यांनी राजहंसगडाच्या तीन फेऱ्या केल्या, तीनही उतार पळत. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील म्हणून वाट पाहत बसले, दुखल्याच नाहीत. तीन गडांवर खाल्लेल्या माराचं फळ ते हेच.

विमानाचं तिकीट काढून झालं आहे. गच्चीवर यंदा ताडपत्री येईल.

जूनमध्ये काय होईल ते बंदूकच सांगेल. तोवर रविवारची पहाट राजहंसगडावर ठरलेली आहे. आपल्यापैकी कुणाला यायचं असेल त्यांनी जरूर यावं. पळता आलंच पाहिजे असं नाही. गड चालत चढायचा, उतरताना आखूड पावलं टाकायची, आणि पिशवीत मीठ लावलेला एक बटाटा ठेवायचा.